समुद्रावरचा आठवडा रद्द करू नका, हप्ता थांबवा

बर्लिनहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नवरा-बायको, सात वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. त्यांची नोकरी अर्धवेळ, नवऱ्याची पूर्णवेळ. मुलांचं किंडरगेल्ड, म्हणजे सरकारकडून मिळणारा भत्ता, धरून महिन्याला हातात ४,२०० युरो येतात. ऑगस्टमध्ये बाल्टिक समुद्रातल्या उझेडोम बेटावर, हेरिंग्सडॉर्फला, एक आठवडा जायचं मनात आहे. हॉटेल, नाश्ता, रात्रीचं जेवण मिळून २,६०० युरो. आणि त्याच महिन्यात पुण्यात घेतलेल्या विमा पॉलिसीचा दोन लाखांचा वार्षिक हप्ता भरायचा आहे.

त्या लिहितात, "दोन्ही एकदम झेपत नाही. हप्ता चुकवायचा नाही, मुलांच्या शिक्षणाचे पैसे आहेत. मग सहल पुढच्या वर्षावर ढकलावी का? की हॉटेल क्रेडिट कार्डावर घ्यावं? यांचं म्हणणं, पाच-सहा वर्षांनी तिथे एक लहान फ्लॅटच घेऊ, एरवी भाड्याने देऊ, आपली सुट्टी फुकट. तसंही आमचं खातं पॉलिसी घेतल्यापासून डिस्पोमध्ये तीन हजारांच्या आसपास उणेच असतं, त्यामुळे मन धजत नाही."

ताई, सहलीला जा. क्रेडिट कार्ड नको, ते हॉटेलही नको, पण जा. मुलं सात आणि चार वर्षांची असताना समुद्रावर घालवायचा आठवडा पुढे ढकलला की तो तसाच मिळत नाही. ही चैन नाही, घरखर्चाचा भाग आहे असं मी मानतो. बाकीचं पत्र मात्र मी तुमच्या शेवटच्या ओळीवर खर्च करणार आहे, कारण खरी गळती तिथे आहे.

डिस्पो म्हणजे पगाराच्या खात्यावर बँकेने दिलेली ओव्हरड्राफ्टची सोय. जर्मनीत तिचा व्याजदर साधारण अकरा-बारा टक्के असतो. तीन हजार उणे म्हणजे वर्षाला ३५० युरोंच्या घरात नुसतं व्याज. पॉलिसी ऑगस्ट २०२३ मधली, डिस्पोही तेव्हापासूनचा. हा योगायोग नाही. तुम्ही दर ऑगस्टला बारा टक्क्यांनी पैसे उचलता आणि पुण्याला पाठवता.

तिथे ते किती वाढतात? तुम्ही पाठवलेल्या तक्त्याप्रमाणे बारा वर्षं दोन-दोन लाख, म्हणजे २४ लाख भरायचे, आणि विसाव्या वर्षाअखेर ४८ लाख. "पैसे दुप्पट" असं तुम्हाला सांगितलं गेलं. पहिला हप्ता वीस वर्षं राहतो, शेवटचा नऊच वर्षं. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साडेचौदा वर्षं अडकतो. साडेचौदा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पाच टक्के. बस्स. आणि हे ४८ लाख तक्त्यातल्या आठ टक्क्यांच्या रकान्यातले आहेत, म्हणजे कंपनीची गुंतवणूक वर्षाला आठ टक्के कमावेल असं धरून काढलेले, ज्याची हमी कुणीच देत नाही. शेजारच्या चार टक्क्यांच्या रकान्यात ३१ लाख लिहिलेत. त्यावर बोट ठेवून तुम्हाला कुणी काही समजावलं नाही, हे पत्रावरून दिसतंच. तो हिशेब केला तर परतावा दोन टक्क्यांच्याही आत येतो.

अजून रुपयाचा प्रश्न राहिलाच. तुम्ही कमावता युरोत, मुलं शिकणार बहुधा युरोत. २०१५ मध्ये एक युरो सत्तर रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. म्हणजे वर्षाला साधारण साडेतीन टक्क्यांची घसरण. तीच चाल राहिली तर तुमचे पाच टक्के युरोत दीड टक्का उरतात, तेही आशावादी रकान्यातले. एवढं व्याज जर्मनीतल्या काही ऑनलाइन बँकांचं साधं बचत खातंही देतं. हा व्यवहार तुम्हाला विकणाऱ्याने भारतात राहणाऱ्या माणसाचा तक्ता जर्मनीत राहणाऱ्या माणसापुढे ठेवला. "मुदतीची रक्कम करमुक्त" हेही भारतापुरतं. तुम्ही जर्मनीच्या रहिवासी करदात्या आहात, जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब तिथे द्यावा लागतो, आणि पॉलिसीतला नफा त्यात येतो. मला अशा विक्रीचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही: चार शब्द विश्वासाने ऐकणाऱ्या घरांना वीस-वीस वर्षं बांधून ठेवलं जातं.

आता सोडवायचं कसं? या ऑगस्टचा चौथा हप्ता भरू नका. तीन हप्ते भरून झालेत, त्यामुळे पॉलिसी बुडणार नाही. ती पेड-अप होईल. म्हणजे पुढे भरायचं काही नाही, आणि भरलेल्याच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम मुदतीअखेर मिळेल. ४८ लाखांचा चौथा हिस्सा, बारा लाख, असं मात्र मनात धरू नका. पेड-अप झाल्यावर पुढचे बोनस बहुतेक थांबतात. दुसरा मार्ग सरेंडर, म्हणजे मुदतीआधीच पॉलिसी बंद करून पैसे परत घेणं. तिसऱ्या वर्षात किमान ३५ टक्के परत मिळायला हवेत, म्हणजे सहा लाखांतले दोन लाख दहा हजार. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा. पेड-अपची रक्कम आजच्या सरेंडरच्या तिपटीहून जास्त असेल तर पॉलिसी तशीच पडून राहू दे, सतरा वर्षांत तिप्पट म्हणजे जवळपास सात टक्के पडतात. तिपटीच्या आत असेल तर पैसे काढून घ्या. गेलेले गेले म्हणून आणखी अठरा लाख त्यामागे घालायचे नाहीत, एवढं मात्र आजच ठरवता येतं.

जाता जाता आणखी एक. हप्ता नवऱ्याच्या पुण्यातल्या जुन्या बचत खात्यातून जातो असं तुम्ही लिहिलंय. परदेशी स्थायिक झाल्यावर ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं असतं. पुढच्या पुणे भेटीत हे काम उरकाच.

डिस्पोचं बघा. खाली गेलेलं खातं सलग सहा महिने मर्यादेच्या पाऊण भागाहून जास्त उचललेलं राहिलं तर बँकेने स्वतः बोलावून स्वस्त पर्याय सुचवायचा, असा जर्मनीत कायदा आहे. तुम्ही वाट पाहू नका, स्वतः जा आणि तीन हजारांचं हप्त्याचं कर्ज मागा. सात टक्क्यांनी दोन वर्षांचं मिळालं तर महिन्याला १३५ युरो. हे पैसे कुठून? पॉलिसीचे दोन लाख म्हणजे, युरो शंभर रुपये धरून, वर्षाला २,००० युरो, महिन्याला १६५. तुमच्या खिशाला नवीन ओझं एका सेंटचंही नाही. कर्ज फिटलं की त्याच १६५ युरोंची जगभरच्या शेअरच्या एखाद्या कमी खर्चाच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारात विकत मिळणाऱ्या फंडात, मासिक गुंतवणूक लावा. पाच टक्के मिळाले तर पंधरा वर्षांत ४४,००० युरो. ते कमीही होतील, मधे दोन-तीन वाईट वर्षं येतील. पण पैसे तुमच्या ताब्यात असतील आणि मुलं शिकतील त्याच चलनात असतील.

"पॉलिसीत विमा आहेच" हे वाक्य वाचून मी थांबलो. वीस लाखांचं संरक्षण म्हणजे वीस हजार युरो. तुमच्या घराचा पाच महिन्यांचा खर्च. नवऱ्याला काही झालं तर दोन लहान मुलांसह सहाव्या महिन्यात तुम्ही काय करणार? निव्वळ मुदत विमा, तीन लाख युरोंचा, धूम्रपान न करणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला महिन्याला वीस-पंचवीस युरोंत मिळतो. तो याच महिन्यात घ्या. आणि हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, तुमच्याकडे नाही हेही दिसलं. संपूर्ण कुटुंबाचा वर्षाला शंभर युरोंच्या आत येतो. जर्मन कायद्यात मूल सात वर्षांचं झालं की त्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. तुमचा मुलगा नुकताच सातचा झालाय. किनाऱ्यावर बॅट-बॉल खेळताना कुणाचा चष्मा, कुणाचा दात जाणं काही दुर्मीळ नाही.

आता सहल, कारण तुम्ही विचारलं तेच ते होतं. हेरिंग्सडॉर्फ, आल्बेक, बान्सिन ही उझेडोमची जुनी, थाटाची गावं. वाड्यांसारखी घरं, समुद्रात लांब गेलेले लाकडी धक्के. पाहायला सुंदर, राहायला महाग, आणि ऑगस्टमध्ये गजबजलेली. चार वर्षांच्या मुलीला त्या थाटाचा काहीच उपयोग नाही. बेटाच्या उत्तरेला कार्ल्सहागन बघा. रुंद, बारीक पांढऱ्या वाळूचा किनारा, मागे पाइनचं जंगल, आणि पाणी बरंच आत जाईपर्यंत उथळ. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. कोकणात वाढलेल्या माणसाला हे आधी चुकल्यासारखं वाटतं, पण लहान मुलांसाठी मोठी सोय आहे. सकाळी बांधलेला किल्ला संध्याकाळी तिथेच असतो. पाणीही कमी खारट, डोळ्यांना झोंबत नाही. गार मात्र असतं. ऑगस्टमध्ये अठरा-वीस अंश, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. जमिनीकडून वारा असेल त्या दिवशी हवेची खेळणी पाण्यात नेऊ देऊ नका, ती बघता बघता आत जातात. लाल-पिवळे झेंडे असतील तिथेच उतरा, तिथे जीवरक्षक असतात.

हॉटेलऐवजी फेरियनवोनुंग घ्या, स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर. रात्रीचे १२० युरो धरले तर सात रात्रींचे ८४०, शेवटच्या सफाईचे ८०. डाळ-भात घरी झाला की जेवणखाण आठवड्याला ४०० युरोंत बसतं. तुम्हा दोघांकडे डॉइचलांड टिकीट, हा देशभरचा मासिक पास, आहेच, जानेवारी २०२६ पासून तुम्ही त्याचे महिन्याला ६३ युरो भरताच आहात. ते प्रादेशिक गाड्यांत चालतं. बर्लिनहून झ्युसो, तिथून झिनोविट्झ, तिथून पेनेम्युंडेच्या फाट्याच्या गाडीने कार्ल्सहागन. गाड्या बदलाव्या लागतात, अर्धा दिवस जातो, पण खर्च फक्त मुलाच्या तिकिटाचा. सहा वर्षांखालची मुलगी फुकट. त्याचे जाऊन-येऊन ५० धरा. गावाचा पर्यटक कर मोठ्यांना दिवसाला तीन युरोंच्या आसपास, तो ५०. वाऱ्यापासून आडोसा देणारी वेताची खुर्ची, स्ट्रांडकॉर्ब, आठवड्याच्या भावाने घेतली तर ८०. एकूण पंधराशे. हॉटेलपेक्षा अकराशे युरो कमी, आणि पॉलिसीच्या एका हप्त्याहूनही कमी.

तारीख बर्लिनच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा निवडा. यंदा सॅक्सनीच्या शाळा बर्लिनच्या आठवडाभर आधी उघडतात, आणि ड्रेस्डेन-लाइप्झिगची कितीतरी कुटुंबं याच किनाऱ्यावर येतात. ती परतली की घरांचे भाव थोडे उतरतात, आणि पाणी तोवर चांगलं तापलेलं असतं.

फ्लॅटचा विचार मात्र नवऱ्याने डोक्यातून काढावा. त्या राज्यात घर घेताना ६ टक्के हस्तांतरण कर, नोटरी आणि नोंदणीचे दोनेक टक्के, दलालाचे साडेतीन. दोन लाख युरोंचं घर घेतलं तर किल्ली हातात येण्याआधी २३,००० गेले. भाडं खरं मिळतं ते जून ते ऑगस्ट, आणि तुम्हाला सुट्टी हवी असते तीही नेमकी तेव्हाच. स्वतः राहिलात की सर्वांत महागडा आठवडा स्वतःलाच फुकट दिलात. वर्षाला दीड हजार देऊन दुसऱ्याच्या घरात राहणं कितीतरी स्वस्त.

पॉलिसीचा हप्ता ऑटो डेबिटने जातो. नुसतं "यंदा भरायचं नाही" असं ठरवून चालणार नाही. बँकेला दिलेला आदेश निदान पंधरा दिवस आधी रद्द करा आणि त्याची पोच मागून घ्या. कंपनीचे दोन आकडे आले की मला पाठवा.