पाळीच्या मधल्या दिवसांत अंगावरून जातं, हा आजार का?

प्रश्न : डॉक्टर, मी २३ वर्षांची, चोपडा तालुक्यातली. लग्नाला आठ महिने झाले. पाळी ३० दिवसांनी येते. मध्ये तीन-चार दिवस अंगावरून पाण्यासारखं, बुळबुळीत जातं. खाज नाही, वास नाही. तरी मी साबणाने आतून धुते. सासूबाई म्हणतात, 'पांढरं जास' म्हणजे हाडं झिजतात. रोज तांदळाचं धुवण प्यायला देतात. कापूस वेचताना कंबर भरून येते, ती यामुळेच का?

उत्तर : दिवस मोजून लिहिलेत, माझं निम्मं काम झालं. ओपीडीत बहुतेक जणी 'कधीपण जातं' एवढंच सांगतात.

पाळी सुरू झाल्यापासून मोजलं तर तुमचं स्त्रीबीज साधारण १६व्या दिवशी सुटत असणार, म्हणजे पुढच्या पाळीआधी सुमारे १४ दिवस. त्याआधी इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी पातळ, पारदर्शक स्राव तयार होतो. भेंडी चिरताना सुरीला जशी तार येते, तसा तो दोन बोटांत ताणला जातो. शुक्रजंतूंना वर जायला ही वाट. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे तोच स्राव घट्ट, पांढुरका आणि कमी होतो. पाळी संपल्यावर काही दिवस तर कोरडेच जातात. वाळल्यावर कपड्यावर फिकट पिवळा डाग दिसतो, तोही नेहमीचाच.

हाडांचं म्हणाल, तर हाड या वाटेनं जात नाही! धुवणाने नुकसान नाही, पण इथे त्याची गरजही नाही. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकल्यावर कंबर दुखणारच. थकवाही असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असलेल्या सुना मला रोज भेटतात.

साबण मात्र आजच बंद. योनीतली नैसर्गिक आम्लता जंतूंना आवरते, साबण तीच मोडतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

दह्याच्या चोथ्यासारखं जाऊन खाज सुटली, रंग हिरवट झाला, मासळीसारखा वास आला, ओटीपोट दुखून ताप आला किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर घरगुती औषधात दिवस घालवू नका, तपासून घ्या.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. बुळबुळीत स्रावाचे हे दिवस म्हणजेच गर्भ राहण्याचे दिवस. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. मूल इतक्यात नको असेल तर नुसत्या दिवसांच्या हिशोबावर राहू नका, नवऱ्याला घेऊन या आणि साधनांची माहिती घ्या.