इंग्लिश सासरची वंशावळ १८३७ च्या मागे कशी न्यायची?

तुमचा प्रश्न वाचला आणि हसू आलं. नवरा इंग्लिश, मुलांसाठी त्याच्या घराण्याची वंशावळ करताय, सरकारी दाखले आणि जनगणनेच्या जोरावर १८३७ पर्यंत पोचलात आणि तिथे गाडी रुतली. माझी बरोबर तिथेच रुतली होती. माझं सासर मूळ सफक परगण्यातलं, सुताराचं घर.

१ जुलै १८३७ ला इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याआधीचा सगळा कारभार चर्चचा. गावोगावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची हा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीच्या काळातला. पण तिथपासूनची वही सगळ्या गावांत मिळेल या आशेवर राहू नका. १६४० च्या दशकातल्या यादवीत तर कित्येक ठिकाणी नोंदीच नाहीत. मूळ वही खराब झाली असेल तर बिशपकडे पाठवलेली नक्कल आहे का विचारा. १५९८ पासून दरवर्षी ती पाठवायचा नियम होता.

आता माझी फजिती सांगते. वहीत लग्न एप्रिल १७४० चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७४० चा! सासूबाईंना कसं सांगावं या विचारात मी दोन दिवस घालवले. मग कळलं की १७५२ पूर्वी तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं. आपलं शक पाडव्याला बदलतं, जानेवारीत नाही, तसंच. म्हणजे तो फेब्रुवारी लग्नानंतरचा, आजच्या हिशेबाने १७४१ चा. सासूबाई वाचल्या, मीही वाचले.

खरी अडचण नावांची. गावात एकाच वेळी एकाच आडनावाचे तीन विल्यम. इंटरनेटवर कुणीतरी केलेल्या तयार वंशावळीतला विल्यम मी डोळे मिटून घेतला आणि सहा महिने त्याच्या बापजाद्यांच्या मागे फिरले. मग सहज दफनाची पानं चाळली, तर तो विल्यम चार महिन्यांचा असतानाच गेलेला. म्हणून बाप्तिस्मा सापडला की आधी दफनाची पानं बघा. हे काम कुणी करत नाही, कारण त्यात मजा नसते.

मग खरा विल्यम कुठला? याचं उत्तर वहीत नव्हतं, विलमध्ये होतं. वहीत नाव आणि तारीख मिळते, नातं मिळतं ते मृत्युपत्रात. आणि आपल्या थेट पूर्वजाचं विल सापडलं नाही तरी हिरमुसू नका. त्याच्या बिनलग्नाच्या आत्याचं किंवा निपुत्रिक काकाचं शोधा. ज्याला मुलंबाळं नाहीत तो सगळ्या भाचरा-पुतण्यांची नावं घेतो. (नवरा हयात असलेल्या बाईची विलं १८८२ पूर्वी क्वचितच सापडतात, कारण तिला नवऱ्याच्या संमतीशिवाय विल करता येत नसे. विधवा आणि अविवाहित बायकांची मात्र भरपूर आहेत.) आमच्या घरातल्या अशाच एका आत्याबाईंनी पिसांची गादी एका भाचीला, तांब्याची किटली दुसरीला, आणि दहा पौंड ‘माझा भाचा विल्यम, सुतार’ याला ठेवले होते, शिवाय त्याच्या गावाचं नाव. त्या एका ओळीने तीनातले दोन विल्यम बाद झाले.

विल वाचताना नात्यांचे शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका. जुन्या विलमधला ‘सन-इन-लॉ’ बरेचदा जावई नसतो, सावत्र मुलगा असतो. ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो. एखाद्या मुलाला एकच शिलिंग ठेवला म्हणजे बापाने त्याला टाकलं असंही नाही. त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो. सोळाव्या-सतराव्या शतकातलं अक्षर बघून पहिल्यांदा मोडीच आठवली. उपाय मोडीचाच: रोज एक पान स्वतः उतरवून काढायचं. सुरुवातीची ‘देवाच्या नावाने, आमेन’ ही ओळ ठरलेली असते. ती नीट बघून त्या लेखनिकाची अक्षरं ओळखून ठेवा.

विल शोधायचं कुठे? १२ जानेवारी १८५८ पासून पुढची सरकारकडे, सगळ्या देशाची एकच यादी. त्याआधीची चर्चच्या कोर्टांत, आणि तिथे उतरंड होती. सफकपुरतं सांगायचं तर लहान माणसाचं विल इप्सविच किंवा बरी सेंट एडमंड्सच्या आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या) कोर्टात, मालमत्ता दोन्हींकडे पसरलेली असेल तर नॉरिचच्या बिशपकडे, आणि मोठी असामी असेल तर कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टात. या शेवटच्या कोर्टाची १३८४ ते १८५८ ची विलं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये (सरकारी दप्तरखान्यात) आहेत, ऑनलाइन नावाने शोधता येतात. आधी तिथे बघा, मग परगण्याच्या दप्तरखान्यात. डेव्हनचं घराणं असेल तर मात्र कठीण आहे. तिथली बहुतेक विलं १९४२ मध्ये एक्सेटरवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाली.

एखादा पूर्वज इंग्लंडच्या वह्यांतून अचानक गायब झाला, तर मुंबईतही डोकावा. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नकला लंडनला जायच्या. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आणि १७५४ नंतरचं लग्न सापडलं तर नुसत्या टंकलिखित यादीवर भागवू नका, पानाचा फोटो मिळवा. त्या वर्षापासून वधू-वरांच्या सह्या घ्यायला लागले. आमच्या सुताराने नाव लिहिलंय, शेवटचं अक्षर कागदाच्या कडेला आपटून वर वळलंय. शेजारी बायकोची फुली.

तुमचा परगणा कोणता ते कळवा, आधी कुठलं कोर्ट बघायचं ते सांगते.