लाइव्ह कॉलमध्ये शिवी गेली, आता पुढे काय? (उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या)

तुमची पोस्ट वाचली आणि दुसऱ्या ओळीतच कळलं पुढे काय असणार ते. लाइव्ह फोन-इन चालू, कॉलर बोलता बोलता तापला, शिवी सरळ ऑन एअर गेली, तक्रार आली आणि आता स्टेशनवर दोन पार्ट्या. एक म्हणते लाइव्ह कॉल बंदच करून टाका, दुसरी म्हणते लोक दिवसभर शिव्या देतातच, मग रेडिओनेच सोवळं का पाळायचं. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, फक्त शेवट वाईट झाला, म्हणून लिहितोय. मी वकील नाही, नियम देशागणिक वेगळे आणि परवान्यागणिकही वेगळे, त्यामुळे सही करण्याआधी तुमचा परवाना नीट वाचा, माझ्या भरवशावर राहू नका.

माझं मत आधीच सांगतो. शिवीवर सरसकट बंदी नको आणि सरसकट मोकळीक तर अजिबातच नको. किती वाजलेत, कार्यक्रम कसला आहे आणि शिवी कुणाला हाणलीय, हे बघून ठरवा. आणि जे ठरेल ते लेखी ठेवा. लेखीवर एवढा भर का, तर ऐका.

आमचा रात्रीचा कार्यक्रम होता, कर्ज आणि वसुली यावर. एक जण बोलत होता, वसुलीवाले फोनवर घरच्यांशी कसे बोलतात ते सांगत होता, आणि सांगता सांगता त्याने त्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शिवीसकट. तो स्वतः कुणाला शिवी देत नव्हता हो, त्याला दिलेली सांगत होता! एक तक्रार आली. ती गेली आमच्या वरच्या तपासणी कचेरीत (नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल). तिथून पत्र आलं, 'अशोभनीय भाषा प्रसारित झाली, खुलासा करावा'. मी विचारलं, कोणते शब्द चालत नाहीत त्याची यादी द्या, म्हणजे पुढच्या वेळी आरजेला सांगता येईल. उत्तर काय, तर 'तारतम्य वापरावे'. बरं, खुलाशाचा फॉर्म होता त्यात एक रकाना, 'आक्षेपार्ह शब्द जसाच्या तसा लिहा', आणि त्याच फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना, 'खुलाशात असभ्य भाषा वापरू नये'. मी पहिलं अक्षर लिहून पुढे फुल्या मारल्या. फॉर्म परत, 'माहिती अपूर्ण'. पूर्ण शब्द लिहिला. पुन्हा परत, आणि या वेळी माझ्या भाषेबद्दल वेगळा शेरा! शेवटी रेकॉर्डिंगमधली नुसती वेळ टाकली, अमुक मिनिट अमुक सेकंद, स्वतः ऐकून घ्या. त्यावर उत्तरच आलं नाही. पण तोवर 'तात्पुरतं' म्हणून लाइव्ह बंद करून कार्यक्रम रेकॉर्डेड केला होता तो परत कधी लाइव्ह झालाच नाही, कारण परत सुरू करा असं लिहून द्यायची कुणाची तयारी नव्हती. रात्री फोन करणारे लोक हळूहळू तुटले. आणि त्या माणसाला धमकावणाऱ्या वसुलीवाल्यांचं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही, सगळी चर्चा एका शब्दावर. अजूनही आठवलं की डोकं सणकतं, जाऊ दे.

म्हणून आजच मॅनेजरकडून एक पानभर लेखी घ्या. कुठल्या वेळेत काय चालेल, काय अजिबात नाही, आणि चुकून गेलंच तर कोणी काय करायचं. ते म्हणतील 'असं लिहून देता येत नाही'. देता येतं. ब्रिटनमध्ये ऑफकॉमच्या (तिथल्या प्रसारण नियामकाच्या) नियमांत टीव्हीसाठी रात्री ९ ची रेषा आहे, रेडिओला अशी ठरावीक रेषा नाही, तिथे कसोटी अशी की मुलं ऐकत असण्याची शक्यता जास्त असेल त्या वेळी अगदी जहाल शब्द नकोत, म्हणजे मुख्यतः सकाळी नाश्त्याची आणि शाळेत ने-आण करायची वेळ. अमेरिकेत रात्री १० ते सकाळी ६ ही सवलतीची वेळ, पण त्यातही निव्वळ अश्लील गोष्टींना माफी नाही. आणि आपल्याकडे खासगी एफएमला आकाशवाणीची कार्यक्रम संहिता लागू, त्यात अश्लील आणि बदनामीकारक मजकूर चालत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या पार्टीच्या मुद्द्यावर, की मोकळं का नको. माझं म्हणणं, रेडिओला दार नाही. तिकीट काढून आत आलेला प्रेक्षक नाही, लोक मधेच लावतात, गाडीत लावतात, मागच्या सीटवर पोरं असतात. तुम्ही सुरुवातीला कितीही सूचना द्या, दहाव्या मिनिटाला लावणाऱ्याने ती ऐकलेलीच नसते. अमेरिकेतला पॅसिफिका खटला नेमका यावरच झाला. पॅसिफिका या संस्थेच्या न्यूयॉर्कमधल्या डब्ल्यूबीएआय स्टेशनने ३० ऑक्टोबर १९७३ ला भर दुपारी २ च्या सुमारास विनोदवीर जॉर्ज कार्लिनचं न चालणाऱ्या शब्दांवरचं भाषण लावलं, आधी सूचना देऊनही, आणि गाडीत मुलाबरोबर असलेल्या एका बापाने तक्रार केली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने नियामकाची बाजू घेतली, कारण काय तर रेडिओ घरात आपणहून शिरतो आणि मुलांच्या हाताला सहज लागतो. लोक हे विसरतात की स्टेशनला दंड झालाच नव्हता, प्रकरण परवान्याच्या फाइलला जोडून ठेवलं, बस. आणि ५-४ म्हणजे चार न्यायमूर्तींना पटलं नव्हतं, तेव्हा हा वाद मूर्खांचा नाही. (२००६ च्या कायद्याने तिकडचा कमाल दंड दसपट करून एका प्रसंगाला सव्वातीन लाख डॉलरपर्यंत नेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिकडचा वादग्रस्त रेडिओ निवेदक हॉवर्ड स्टर्न साधा रेडिओ सोडून सॅटेलाइटवर आला, तिथे हे नियम लागत नाहीत. ज्याला शिव्या ऐकायच्यात तो पैसे भरून ऐकतो, त्याला माझी काहीच हरकत नाही, पॉडकास्टलाही नाही.)

पण सगळ्या शिव्या एका मापाने मोजू नका. दुःखात, रागात तोंडातून गेलेला शब्द वेगळा, आणि कुणाच्या जातीवरून, आईबहिणीवरून, अपंगत्वावरून समोरच्याला हाणलेला शब्द वेगळा. पहिल्याला मी रात्री उशिरा सोडेन, दुसऱ्याला मध्यरात्रीही नाही. गंमत म्हणजे तक्रारी पहिल्याच्याच जास्त येतात. सभ्य शब्दांत केलेला घाणेरडा अपमान सगळ्या चाळण्यांतून आरामात पलीकडे जातो. शब्दांची यादी हवी असं मीच वर म्हटलं, तरी नुसती यादी पुरणार नाही ती यासाठी.

आता कामाचं. लाइव्ह कॉल आहेत आणि डिले (आवाज काही सेकंद साठवून उशिरा बाहेर सोडणं) नाही हे वाचून मी कपाळाला हात लावला. काही सेकंदांचा डिले आणि डंप बटण (साठवलेला आवाज बाहेर जाण्याआधी टाकून देणारं), याशिवाय लाइव्ह कॉल घेऊच नका. पूर्वी टेपच्या वेटोळ्यावर करायचे, आता छोटं यंत्र किंवा सॉफ्टवेअर मिळतं. पण एक गोष्ट सेल्समन सांगत नाही, डंप दाबलं की साठवलेले सेकंद संपतात. म्हणजे त्या क्षणी तुम्ही खरोखर लाइव्ह असता, आणि यंत्र बोलण्यातल्या फटी हळूच ताणून तो साठा परत भरेपर्यंत वेळ जातो. तापलेला माणूस एक शिवी देऊन थांबत नाही. दुसरी थेट बाहेर! म्हणून डंप आणि कॉलरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली, दोन्ही एकाच हालचालीत, याची नुसती प्रॅक्टिस करून घ्या. काही यंत्रांत अर्धाच साठा टाकायची सोय असते, मिळालं तर तेच घ्या. आणि बटण आरजेच्या हातात देऊ नका, तो बोलण्यात गुंतलेला असतो. प्रोड्यूसरकडे द्या. डिले लावलात तर कॉलरला घरचा रेडिओ बंद करायला सांगा, नाहीतर स्वतःचाच मागून येणारा आवाज ऐकून अडखळतो.

बीपबद्दल विचारलंय. रेकॉर्डेडमध्ये बीप मला आवडत नाही. ऐकणारा मनात शब्द भरतो आणि बहुतेक वेळा मूळपेक्षा वाईट भरतो. बारीक शांतता ठेवा, किंवा वाक्यच कापा. बीप करायचाच तर पहिलं अक्षर उरवू नका, मग बीपला अर्थ काय राहिला.

माफी छोटी ठेवा आणि लगेच मागा. 'मघाशी ऐकू आलेल्या शब्दांबद्दल क्षमस्व', झालं, पुढे चला. शब्द काय होता, का आला, यावर गप्पा नकोत. २०१० च्या डिसेंबरात बीबीसी रेडिओ ४ वर सकाळी सकाळी निवेदक जेम्स नॉटींची जीभ मंत्री जेरेमी हंट यांच्या आडनावावर घसरली आणि नावाच्या जागी इंग्रजी शिवी गेली, सगळ्यांच्या लक्षात आहे ते. पण त्यानंतर थोड्याच वेळात त्याच स्टेशनवर दुसरे निवेदक अँड्र्यू मार हा किस्सा सांगायला गेले आणि त्यांचीही जीभ तिथेच घसरली! ना हेतू, ना राग, बाकी काहीच नाही. असल्या चुकीला शिक्षा देणाऱ्या मॅनेजरचं मला नवल वाटतं, पण असतात.

रेकॉर्डिंगची एक प्रत स्वतःकडे ठेवा, स्टेशनच्या सर्व्हरवर विसंबू नका, चौकशी आली की नेमकी तीच फाइल सापडत नाही. प्रत काढायला परवानगी लागत असेल तर ईमेलवर मागून घ्या.

आणि त्या कॉलरचा नंबर ब्लॉक करायचा विचार चाललाय म्हणालात, घाई करू नका. कार्यक्रम संपल्यावर ऑफ एअर फोन करा, रागावून नाही, नुसतं विचारा काय झालं होतं. ज्यांना फक्त तमाशा करायचा असतो ते सहसा उचलत नाहीत. उचलला आणि नीट बोलला तर पुढच्या वेळी त्याला रेकॉर्ड करून घ्या, मग लावा.