गवताच्या बियांवर पोट भरेल का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, जीवशास्त्राची गोडी. घरी चार गायी, त्यातल्या दोन श्वेत कपिला, म्हणजे गोव्याच्या देशी जातीच्या. चाऱ्याच्या वनस्पतींचं बियाणं जपणाऱ्या जनुकपेढीबद्दल तिने कुठेतरी वाचलं आणि 'मी हेच करणार' म्हणून हटून बसलीय. वडील विचारतात, "गोरवांपुढे टाकायच्या तणाची बी सांभाळायला पगार कोण देणार? त्यापेक्षा नर्सिंगला घालू का?"

नमस्कार. पगार मिळतो, पण जागा मोजक्या आहेत, हे आधीच सांगतो.

पेढी म्हटलं की ठेव ठेवली आणि कुलूप लावलं असं वाटतं. बी मात्र जिवंत असते. ती वाळवून ओलावा साधारण ५ ते ७ टक्क्यांवर आणतात, हवाबंद पाकिटात भरून उणे १८-२० अंशांत ठेवतात. ओलावा एका टक्क्याने उतरला की बीचं आयुष्य सुमारे दुप्पट होतं, असा या शास्त्रातला ठोकताळा आहे. तरी ठरावीक वर्षांनी उगवण तपासावी लागते. ती घटली की शेतात पेरून ताजी बी धरायची, आणि तीही शेजारच्या वाणाचा पराग मिसळू न देता. गवतात हे फार जिकिरीचं. भाताची लोंबी बऱ्यापैकी एकदम पिकते; गवताच्या तुऱ्यात काही बी गळून गेलेली असते तेव्हा काही हिरवीच असते. कितीतरी फोलपटं आत दाण्याविना पोकळ निघतात. ताजी बी महिनोन्‌महिने रुजत नाही. ती मेली की निजली, हे ओळखायला सराव लागतो. गुरांमागे वाढलेल्या मुलीचा डोळा इथे उपयोगी पडतो, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या बांधावर संकरित नेपियर हे चाऱ्याचं गवत असेलच. ते रुजणारी बी धरत नाही, कांड्या किंवा ठोंब लावूनच वाढवतात. म्हणजे एका जातीचं रान सगळीकडे सारखंच, आणि रोग आला तर सगळ्यावर. पूर्व आफ्रिकेत नेपियरवर काणी हा बुरशीचा रोग पडला, तेव्हा त्याला दाद न देणारा वाण जपून ठेवलेल्या संग्रहातूनच हाती लागला. असा संग्रह पाकिटात मावत नाही, शेतातच ओळीने जिवंत ठेवावा लागतो. इथियोपियात अदिस अबाबाला आणि कोलंबियात पाल्मिराला चाऱ्याच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय जनुकपेढ्या आहेत. आपल्याकडे झाशीची चारा संशोधन संस्था १९६२ पासून आहे. तिचं दक्षिणेतलं केंद्र धारवाडला, म्हणजे चोर्ला घाट चढून बेळगावच्या पुढे. राष्ट्रीय जनुकपेढी दिल्लीला.

आता वाट. थेट 'गवत' हा विषय धरू नका. आधी चार वर्षांची कृषी पदवी. गोव्यातच सुळकर्णेला डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय आहे, गोवा विद्यापीठाशी संलग्न. बाहेर जायचं असेल तर कृषी विद्यापीठांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या जागा सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून भरतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ तुम्हाला हवामानाने जवळचं. पुढे एम.एस्सी.ला वनस्पती प्रजनन किंवा वनस्पती जनुकीय संसाधने, मग सहसा पीएच.डी. आणि शास्त्रज्ञपदाची स्पर्धा परीक्षा. म्हणजे आठ-दहा वर्षं धरा. तेवढा धीर घरात आहे का, हे तुम्ही आणि तिने बसून बोला. शास्त्रज्ञपद हुकलं तरी कृषी खातं, बियाणे कंपन्या, बँकांतली कृषी अधिकाऱ्याची पदं याच पदवीवर मिळतात, म्हणून मी पदवी रुंद घ्यायला सांगतोय. नर्सिंग चांगलंच आहे, पण तिने ते मागितलेलं नाही.

यंदा एक करा. गणेश चवथीनंतर सड्यावरचं गवत तुऱ्यावर येतं. करड, म्हणजे सुकलेलं गवत, कापायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. वेगवेगळ्या दहा गवतांची मुळासकट रोपं रद्दी पेपरात दाबून वाळवू द्या. प्रत्येकासोबत जागा, तारीख, गुरं ते आवडीने खातात की तोंड फिरवतात, आणि तुमच्या आईच्या तोंडचं नाव. पावसाळाभर तिचा उत्साह टिकला, तर दिवाळीच्या सुट्टीत जुन्या गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेकडे आधी परवानगी मागून तो गठ्ठा घेऊन जा. तिथल्या माणसांना कामाबद्दल तिलाच विचारू द्या, तुम्ही बाजूला बसा.