माणूस ठेकेदाराचा, दोर सोसायटीचा : झाडाच्या छाटणीतील अपघात आणि जबाबदारी

प्रश्न : जून 2025 मध्ये आमच्या सोसायटीच्या पार्किंगवर आलेल्या रेन ट्रीच्या फांद्या छाटण्यासाठी पुणे महापालिकेची परवानगी घेऊन आम्ही ओळखीच्या एका झाडवाल्याला बोलावले. तो तीन माणसे व चेनसॉ घेऊन आला. दोर कमी पडला म्हणून आम्ही पंपरूममधील नायलॉनचा दोर दिला. खाली उभ्या असलेल्या आमच्या अध्यक्षांनी परवानगीत नसलेली एक वरची फांदीही घ्यायला सांगितली. ती कापताना फिरली, वरच्या कामगाराला लागली आणि तो खाली पडला. मणक्याला व उजव्या हाताला गंभीर इजा आहे, वय 30. त्याने सेफ्टी बेल्ट लावलेला नव्हता. झाडवाला आता फोन उचलत नाही आणि कामगाराच्या वकिलाची नोटीस सोसायटीला आली आहे. पन्नास हजार रुपये देऊन ‘काही तक्रार नाही’ असे स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावे, असे काही सभासद म्हणतात. आमची जबाबदारी किती, आणि उरलेल्या फांद्या या पावसाळ्यापूर्वी कशा छाटाव्यात? (सचिव, एक गृहनिर्माण संस्था)

उत्तर : स्टॅम्प पेपरचा विचार आधी मनातून काढून टाका. अपघात जून 2025 मधील असल्यामुळे त्याला कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 लागू होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली असली, तरी त्याआधीच्या अपघातातून निर्माण झालेला हक्क तिच्यामुळे बुडत नाही. या अधिनियमाच्या कलम 17 नुसार, भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा ती कमी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, मग तो कितीही किमतीच्या स्टॅम्प पेपरवर असो आणि त्यावर कितीही साक्षीदारांच्या सह्या असोत. एकरकमी भरपाईचा समझोता करायचाच असेल, तर कलम 28 नुसार त्याचे ज्ञापन, म्हणजे लेखी टिपण, कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे (महापालिका आयुक्तांकडे नव्हे) पाठवून नोंदवून घ्यावे लागते. तसे न केल्यास कलम 29 खाली मालकाला, म्हणजे कामगाराला कामावर ठेवणाऱ्याला, पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि आयुक्तांनी वेगळे सांगितल्याखेरीज आधी दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक वजावट मिळत नाही. म्हणजे आपल्या पन्नास हजारांतील पंचवीस हजारांचाच हिशेब धरला जाईल आणि वर ‘आपणच मालक आहात म्हणून पैसे दिलेत’ हा मुद्दा समोरच्या वकिलाला आयता मिळेल. औषधोपचारासाठी मदत करायची इच्छा असेल, तर ती अवश्य करा. मात्र व्यवस्थापक समितीच्या ठरावाने, चेकने आणि ‘कायदेशीर जबाबदारी मान्य न करता’ असे पत्रात स्पष्ट नमूद करून.

आता मूळ प्रश्न : हा कामगार कोणाचा? ‘माणूस ठेकेदाराचा होता’ हे आपले उत्तर निरर्थक नाही. ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाने, म्हणजे ठेका देणाऱ्याने, द्यावी असे सांगणारे कलम 12 अशा कामांपुरते आहे, की जी सर्वसाधारणपणे मुख्य मालकाच्याच व्यापाराचा किंवा व्यवसायाचा भाग असतात. राहती सोसायटी झाडे छाटण्याचा व्यवसाय करत नाही, हा बचाव घेण्याजोगा आहे आणि नोटिशीच्या उत्तरात तो स्पष्टपणे यायला हवा. परंतु केवळ त्यावर विसंबून राहू नये, असे माझे मत आहे, कारण कामगाराचे वकील कलम 12 कडे न जाता थेट असे म्हणू शकतात, की हा झाडवाला स्वतंत्र ठेकेदार नव्हताच; तो माणसे गोळा करून आणणारा मुकादम होता आणि काम प्रत्यक्षात सोसायटीच्या सूचनेनुसार चालले होते. काम नैमित्तिक होते, एका दिवसाचे होते, हा जुना बचाव 2000 च्या दुरुस्तीने संपला आहे आणि झाडे तोडण्याचे काम अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे तो लागू असलेल्या कामांच्या यादीत, नावानिशी आहे.

अशा वेळी निर्णय पुराव्यावर होतो. मोबदला एकत्रित ठरला होता की माणशी रोज, बिल कोणाच्या नावाने निघाले, साधने कोणाची होती, कोणती फांदी कुठून कापायची हे कोणी सांगितले, हे सर्व तपासले जाईल. चेनसॉ झाडवाल्याची होती, ही बाब आपल्या बाजूची आहे. पंपरूममधून दिलेला दोर आणि अध्यक्षांनी खालून दिलेली सूचना या दोन बाबी मात्र आपल्या विरोधात जातात. त्यांतील दुसरी अधिक जड आहे, कारण ज्या फांदीमुळे अपघात घडला, ती फांदी ठेकेदाराने नव्हे, तर अध्यक्षांनी निवडली होती. घटनेच्या दिवशीचे सीसीटीव्ही चित्रण अजून शिल्लक असेल, तर ते तसेच जपून ठेवा. ते आपल्याविरुद्ध जाईल या भीतीने पुसून टाकणे हा वेगळा गुन्हा ठरू शकतो.

बेल्टविषयी आपल्या पत्रात बराच विश्वास दिसतो, तो तितकासा टिकणारा नाही. सुरक्षेसाठी पुरवलेले साधन कामगाराने जाणूनबुजून बाजूला ठेवले, तर काही परिस्थितीत मालक भरपाईतून सुटतो, असे कलम 3 मध्ये आहे. पण त्यासाठी ते साधन मुळात पुरवले गेले होते आणि कामगाराला ते माहीत होते, हे दाखवावे लागते. आपण बेल्ट दिला नव्हता, झाडवाल्याने दिला होता की नाही याचा पुरावा नाही. शिवाय इजेमुळे मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर हा बचाव मुळीच चालत नाही.

रकमेचा अंदाज घेणेही आवश्यक आहे, कारण पन्नास हजारांची चर्चा करणाऱ्या सभासदांना तो बहुधा नसावा. या अधिनियमासाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा 15,000 रुपये धरली जाते आणि वयानुसार ठरणारा गुणक 30 वर्षे वयासाठी 207.98 आहे. कायमचे संपूर्ण अपंगत्व असल्यास वेतनाच्या 60 टक्के गुणिले गुणक, म्हणजे 18,71,820 रुपये होतात. कमाईची क्षमता 40 टक्क्यांनी घटली असे ठरल्यास 7,48,728 रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च यापेक्षा वेगळा. भरपाई वेळेत न दिल्यास कलम 4अ खाली वर्षाला 12 टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडाची रक्कमही येऊ शकते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. वैद्यकीय दाखल्यावरील टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या एकच बाबी नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या 1976 च्या निकालात, डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराला कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्याचे मान्य केले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. त्याच निकालात भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असेही म्हटले आहे. झाडावर चढून करवत चालवणाऱ्या माणसाचा मणका आणि उजवा हात निकामी झाला असेल, तर त्याचे वकील हा निकाल पुढे करतील, हे गृहीत धरा. दाव्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची, म्हणजे जून 2027 पर्यंतची मुदत आहे, त्यामुळे प्रकरण थंडावले असे समजू नये.

फौजदारी बाजू थोडक्यात. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 125(ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गुन्हा जामीनपात्र आहे. केवळ अध्यक्षपदावर असल्यामुळे कोणी आरोपी ठरत नाही, परंतु प्रत्यक्ष जागेवर उभे राहून सूचना दिल्यामुळे त्यांचे नाव येऊ शकते. त्यांनी आपला वेगळा वकील द्यावा. सोसायटीचे आणि त्यांचे हितसंबंध या टप्प्यावर एकच राहतील असे नाही, आणि हे त्यांना सांगण्याचे अवघड काम सचिव म्हणून आपल्यालाच करावे लागेल.

परवानगीबाहेरच्या फांदीचा प्रश्न महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली येतो. या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हे सर्व येते, त्यामुळे ‘फांदीच तर होती’ हे उत्तर पुरत नाही. उद्यान विभागाकडून विचारणा झाल्यास लेखी आणि खरे उत्तर द्या.

आता उरलेली छाटणी. दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेला व्यावसायिक सुरक्षा संहिता, 2020 सहसा लागू होत नाही, पण त्यामुळे काळजी घेण्याचे कर्तव्य संपत नाही. वृक्ष अधिकाऱ्यांकडून नवी परवानगी घ्या आणि कोणत्या फांद्या, कुठपर्यंत, हे झाडावर खुणा करून फोटोसह कार्यादेशाला (ठेकेदाराला द्यायच्या लेखी वर्क ऑर्डरला) जोडा. कार्यादेशात ठेकेदाराची सर्व साधने स्वतःची असतील, कामगारांची नावे आधी दिली जातील आणि त्यांच्या नुकसानभरपाईची विमा पॉलिसी काम सुरू होण्यापूर्वी दाखवली जाईल, असे लिहून घ्या. पॉलिसीची प्रत हातात आल्याशिवाय शिडी झाडाला लागू देऊ नका.

साधनांबाबत, नुसता कमरेचा पट्टा म्हणजे सेफ्टी बेल्ट नव्हे. उंचीवरच्या कामाला संपूर्ण शरीराचा हार्नेस लागतो. त्यावर आयएस 3521 आणि हेल्मेटवर आयएस 2925 ही मानके पाहा. झाडावर चेनसॉ चालवणारा माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असावा आणि त्यातला एक पट्टा पोलादी गाभ्याचा असावा, कारण करवतीचा एक चुकीचा फटका साधा दोर क्षणात कापतो. जड फांदी आधी खालून खाच घेऊन, दोराने धरून तुकड्यातुकड्यांनी उतरवावी. ती फिरून चढलेल्या माणसावर येऊ नये यासाठीच हे करायचे असते. पंपरूमचा दोर यापैकी कशासाठीही वापरायचा नाही. वर अडकलेल्या माणसाला उतरवू शकेल असा दुसरा चढणारा खाली हजर असावा. फांद्या विजेच्या तारांजवळ असतील, तर महावितरणकडून वीजपुरवठा बंद केल्याची लेखी खात्री मिळेपर्यंत काम सुरू करू देऊ नका. पार्किंग रिकामे करून दोरी लावा आणि त्या दोरीच्या आत, अध्यक्षांसह, सोसायटीच्या कोणीही जाऊ नये. काही बदल हवा असेल, तर तो ठेकेदाराला, काम थांबवून आणि लेखी सांगावा.

नोटिशीला उत्तर देण्यासाठी वकिलांकडे जाताना महापालिकेच्या परवानगीची प्रत, झाडवाल्याला दिलेल्या पैशांच्या नोंदी, त्याच्याशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश, त्या दिवशीची गेट नोंदवही आणि सोसायटीची इमारत विमा पॉलिसी सोबत न्या. या पॉलिसीत सार्वजनिक दायित्वाचे (इतरांना झालेल्या हानीच्या भरपाईचे) किंवा कामगारांच्या भरपाईचे संरक्षण कधी कधी जोडलेले असते, पण समितीला ते ठाऊक नसते. तसे असेल, तर विमा कंपनीला नोटिशीची प्रत लगेच पाठवून पोच घ्या. उशीर आधीच झाला आहे, तो आणखी वाढवू नका.