बायकांची पुस्तकं छापायचं कोण?

चि. ओवीस,
अ. उ. आ. (म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या पणजोबांच्या पोस्टकार्डावर असंच असायचं, म्हणून मलाही एकदा लिहायचं होतं.)

परवा मराठी शाळेतून येताना गाडीत तू विचारलंस, ‘आई, आपल्याकडे पूर्वीच्या बायका पुस्तकं लिहायच्या, तर ती छापायचं कोण? आणि विकायचं कोण?’ मी ‘असतील कोणीतरी प्रकाशक’ म्हणून सिग्नलकडे बघितलं. उत्तर येत होतं, पण ते हायवेवर सांगण्यासारखं नव्हतं.

सुरुवात आपल्याच गावापासून करते. आपण गणपतीची मूर्ती आणायला ज्या फिलाडेल्फियात जातो, तिथे 11 मार्च 1886 ला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, हे तुला माहीत आहे. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून बोटीने आल्या होत्या, सोबत छोटी मनोरमा. पुढच्याच वर्षी रमाबाईंनी याच शहरात हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक छापून घेतलं. मोठी प्रकाशनसंस्था पाठीशी नव्हती. प्रस्तावना लिहिली आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी. विक्रीसाठी दुकानांवर विसंबून कसं चालेल? बाई गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या आणि पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. त्यांना भारतात विधवांसाठी शाळा काढायची होती आणि त्या कामात या पैशांचा हातभार लागला. मुंबईत शारदा सदन उघडलं ते 11 मार्च 1889 ला. तारीख बघ.

ही युक्ती त्यांना आधीपासून ठाऊक होती. 1882 साली त्यांनी मराठीत ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या बोटीचं भाडं उभं केलं. लोक पुस्तकाच्या पैशातून फार तर नवं पुस्तक काढतात, या बाईंनी समुद्र ओलांडला!

पण प्रत्येकीकडे रमाबाईंसारखं वक्तृत्व आणि नाव नव्हतं. त्याच 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवरचा खटला गाजत होता, वर्तमानपत्रं झाडून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेत होती. ताराबाई उसळल्या आणि त्यांनी पुरुषांना त्यांच्याच घरच्या भाषेत धुतलं. ती मराठी आजही वाचताना झणझणते, तू मोठी झालीस की आपण मिळून वाचू. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पुढे हेही पुस्तक विस्मरणात गेलं, ते अभ्यासक स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा छापलं तेव्हा लोकांच्या हातात आलं. मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली. मला विचारशील तर छापणारा भेटणं हे अर्धंच काम, पुन्हा छापणाराही भेटावा लागतो.

आता तुला आवडेल असा प्रकाशक. 1933 साली मुंबईच्या ह. वि. मोट्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह काढला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते तिने लिहिलं होतं. झालं! निषेधाच्या सभा झाल्या. ही बाई कोण, बाई तरी आहे की बाईच्या नावाआडचा पुरुष, यावर पैजा लागाव्यात इतकी चर्चा. मोट्यांना सगळं माहीत होतं, पण ते बोलले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी त्याच नावाने तिची कादंबरी आली. ती होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत काम करणारी शिक्षिका. नाव फुटलं असतं तर नोकरीवर गदा आली असती, म्हणून सांगते, प्रकाशकाच्या कामात तोंड बंद ठेवणंही येतं.

आणि छापण्याचं काम स्वतः बायकांनी कधी केलं का? केलं. पुन्हा रमाबाईच! पुण्याजवळ केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनचा, म्हणजे निराधार बायकामुलींच्या आश्रमाचा, स्वतःचा छापखाना होता. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते तिथल्याच मुलीबायकांनी खिळे जुळवून छापलं. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, त्याआधी शेवटची मुद्रितं (म्हणजे प्रुफं) तपासून झाली होती. पूर्ण ग्रंथ 1924 ला बाहेर आला.

खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. इंग्रजीचं बरं असतं, सव्वीस अक्षरं लहान आणि सव्वीस मोठी. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांची जत्रा, म्हणजे शेकडो खणांची पेटी. ओळ जुळवायची ती उलटी, कारण कागदावर ती सुलटी उमटते. त्यात पुन्हा शिसं बोटांना काळं करतं. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळखही तिथेच झालेल्या मुली त्या पेटीसमोर उभ्या राहून हे करत होत्या.

तुझं नाव कागदावर उलटं लिहून बघ आणि बाथरूमच्या आरशासमोर धर. पहिल्या फटक्यात ‘ओवी’ वाचता आलं तर शनिवारी थालीपीठ. मी काल ‘आई’ लिहून पाहिलं. ईवरचा रफारासारखा आकडा भलतीकडेच वळला.

तुझी,
आई