वाचकांचे प्रश्न : स्कोप आणि कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉडची प्लेट

प्रश्न : मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. रोहित (फ्लेमिंगो) आणि किनाऱ्यावरचे पक्षी पाहण्यासाठी मी ऐरोलीला आणि सीवूड्सच्या पाणथळीवर जातो. माझ्याकडे २०-६० पट वर्धनाचा, ८० मिमी भिंगाचा स्पॉटिंग स्कोप आणि १५०-६०० मिमीची लेन्स लावलेला कॅमेरा आहे. दोन्हींसाठी ट्रायपॉडबरोबर मिळालेली एकच प्लेट (उपकरणाच्या तळाला स्क्रूने लावून ट्रायपॉडवर अडकवायची पट्टी) मी आलटूनपालटून वापरतो. स्कोप कितीही आवळला तरी काही वेळाने प्लेटवरच फिरतो. कोणती प्लेट घ्यावी?

उत्तर : आधी ती एकच प्लेट आलटूनपालटून वापरणे थांबवावे. ठाणे खाडीत भरती आली की चिखलपट्टा बुडतो आणि पक्षी सीवूड्सच्या पाणथळीकडे सरकतात; पाहण्याचा तो मोजका वेळ स्क्रू काढण्या-घालण्यात घालवू नये. स्कोप, लेन्स आणि जरूर असल्यास कॅमेरा यांना प्रत्येकी स्वतंत्र प्लेट कायमची बसवावी आणि त्या सर्व प्लेट ट्रायपॉडच्या हेडवरच्या (वरच्या फिरत्या भागावरच्या) एकाच जातीच्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे प्लेट पकडणाऱ्या चिमट्यात, बसतील असे पाहावे. यासाठी आर्का-स्विस पद्धतीची, सुमारे ३८ मिमी रुंदीची, तिरप्या कडांची प्लेट मी सुचवेन, कारण ती अनेक कंपन्या बनवतात आणि क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकवता येते. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या प्लेटच्या मापांत किंचित फरक असतो. स्क्रूने आवळायचा क्लॅम्प तो फरक सामावून घेतो. खटक्याच्या क्लॅम्पमध्ये परकी प्लेट कधी सैल राहते, तर कधी बसतच नाही. म्हणून खरेदीला जाताना आपले हेड सोबत न्यावे आणि प्लेट त्यात घालून, हलवून पाहावी.

आता फिरण्याविषयी. पाव इंची एकाच स्क्रूवर लांब नळी उभी असली की आयपीसकडून (डोळा लावायच्या टोकाकडून) लागणारा प्रत्येक धक्का त्या स्क्रूला फिरवू पाहतो. प्लेटवरचा रबर मऊ असेल तर तो दबतो आणि आवळलेपण आपोआप कमी होते. ६० पटीला तर एवढीशी ढिलाईसुद्धा चित्र हलवून टाकते. आपल्या स्कोपचा पाय (नळीखालचा, प्लेटला जोडायचा भाग) उलटून पाहावा. स्क्रूच्या भोकाशेजारी आणखी एक बारीक, आट्यांविना भोक दिसले, तर ते पिनसाठी असते. व्हिडिओच्या लांब प्लेटवर स्प्रिंगची अशी पिन असते; ती त्या भोकात बसली की स्कोप फिरूच शकत नाही. भोक नसेल, तर पायाच्या कडेला टेकणारी उभी ओठी असलेली प्लेट घ्यावी. लेन्सच्या पायाला दोन भोके असल्यास दोन्हींत स्क्रू घालावेत.

दोष नेमका कुठे आहे हे ओळखण्यासाठी पाय आणि प्लेट यांच्या सांध्यावरून पेन्सिलीने एक रेघ ओढावी आणि आयपीसला हलकेच बाजूला दाबावे. रेघ तुटली, तर प्लेट बदलावी लागेल. रेघ अखंड राहून स्कोप डुलला, तर दोष क्लॅम्पचा, हेडचा किंवा ट्रायपॉडचा आहे, आणि प्लेटवर पैसे खर्च करून काहीच साधणार नाही.

प्लेटची लांबी तोलावर ठरवावी. स्कोप किंवा कॅमेऱ्यासह लेन्स हाताने धरून हेडची पकड सैल करावी. नळी पुढे झुकली तर प्लेट मागे सरकवावी, मागे झुकली तर पुढे. एवढी सरकवण्याची जागा छोट्या चौकोनी प्लेटवर मिळत नाही. प्लेटच्या दोन्ही टोकांना अटकावाचे छोटे स्क्रू हवेतच, नाहीतर क्लॅम्प सैल करताच महागडी लेन्स घसरून खाली पडू शकते. अजून एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याच्या तळाला लावायच्या अनेक प्लेटच्या तिरप्या कडा कॅमेऱ्याच्या रुंदीला समांतर असतात, त्यामुळे फ्लुइड हेडवर (न अडखळता संथ फिरणाऱ्या हेडवर) कॅमेरा आडव्या दिशेला तोंड करतो. आपली लेन्स तिच्या स्वतःच्या पायावर बसत असल्याने आपल्याला ही अडचण येणार नाही.

प्रश्न : नेरूळच्या दमट हवेत प्लेटचा स्क्रू गंजतो. प्लेट कायम लावून ठेवावी का?

उत्तर : ठेवावी, पण स्क्रू स्टेनलेस स्टीलचा असावा. खाडीवरून परतल्यावर प्लेट आणि क्लॅम्प किंचित ओलसर फडक्याने पुसून कोरडे करावेत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्लेट एकदा सोडवून आटे साफ करावेत, कारण खारट ओलाव्यात स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये घट्ट अडकून बसतो.